गॅस गिझरचा धूर बाहेर काढताना: एक्झॉस्ट फॅन हे उत्तर का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाथरूममध्ये मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर आहे. त्याच्या डोक्यावरून निघालेला ४ इंची पाइप लगेच एल्बो घालून काचपट्ट्यांच्या खिडकीतून बाहेर काढलाय. लागोपाठ तीन-चार आंघोळी झाल्या की शेवटच्या माणसाचं डोकं दुखतं. फिटर म्हणतो, एक एक्झॉस्ट फॅन लावा, काम होईल.

आधी दोन गोष्टी. गिझर आहे तसा आजपासून वापरू नका, त्याचा गॅसचा कॉक बंद करून ठेवा. आणि फॅन लावू नका. तुमच्या मांडणीत फॅनने धोका कमी होत नाही, वाढतो. का ते सविस्तर सांगतो, कारण ते एकदा लक्षात आलं की पाइप कसा न्यायचा, किती उंच, कुठून, याची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

‘शेवटच्या माणसाचं डोकं दुखतं’ ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. पहिल्याला काही होत नाही आणि शेवटच्याला होतं, म्हणजे दर आंघोळीगणिक खोलीतली हवा बिघडत चालली आहे. लोक याला वाफ कोंडली, पाणी फार गरम होतं, रिकाम्या पोटी आंघोळ केली अशी कारणं देतात. गॅस गिझर असलेल्या घरात आंघोळीनंतर डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं आणि मोकळ्या हवेत आलं की बरं वाटणं, हे मी दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत कार्बन मोनॉक्साइडच धरतो, म्हणजे गॅस अर्धवट जळल्यावर तयार होणारा विषारी वायू.

आता हिशेब. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्यात जावी लागते, म्हणजे बर्नर १२ किलोवॉटच्या आसपास जळतो. एलपीजीच्या भाषेत ताशी ९०० ग्रॅमच्या वर गॅस. एवढा गॅस पूर्ण जळायला ताशी कमीत कमी १२ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. दीड मीटर बाय दोन मीटरची, २.४ मीटर उंचीची बाथरूम धरली तर आत हवा असते जेमतेम ७ घनमीटर. पाव तासात त्यातल्या ३ घनमीटर हवेचा ऑक्सिजन संपतो. दार-खिडकी पूर्ण बंद असेल आणि धूर आतच राहत असेल, तर एका आंघोळीत खोली कुठे जाऊन पोहोचते ते यावरून दिसेल. फटींमधून थोडी हवा येत राहते म्हणून लगेच काही होत नाही, इतकंच.

नुसता ऑक्सिजन कमी होतो असंही नाही. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास घसरला की ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड भराभर वाढतो. शिवाय आत राहिलेला धूर बर्नर पुन्हा आत ओढतो आणि तो आणखी वाईट जळतो. त्यामुळे हा बिघाड सावकाश वाढत नाही. बराच वेळ सगळं ठीक असतं आणि मग काही मिनिटांत हाताबाहेर जातं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मिसळलेला तो उग्र वास ज्योतीत जळून जातो, त्यामुळे ‘वास आला तर कळेलच की’ हे इथे लागू पडत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. हवेत २०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग असेल तर दोन-तीन तासांत डोकं दुखू लागतं. ८०० पीपीएमला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ, दोन-तीन तासांत मृत्यू. १६०० पीपीएमला तासाभरात मृत्यू. माणूस बेशुद्ध व्हायच्या आधी त्याचे हातपाय आणि विचार ढिले पडतात. दाराची कडी समोर दिसत असूनही ती काढायचं सुचत नाही किंवा हात उचलत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. तुमच्या गिझरच्या पाइपला कोणताही पंखा नाही. धूर बाहेर जातो तो फक्त गरम आहे म्हणून, म्हणजे हलका आहे म्हणून. ही ओढ किती असते? धूर १५० अंशांचा, खोली २५ अंशांची आणि पाइप दोन मीटर सरळ उभा धरला, तर ओढ भरते सुमारे ७ पास्कल. एक मिलिमीटर पाण्याच्या थराचा दाब जवळपास १० पास्कल असतो. म्हणजे दोन मीटरचा चांगला उभा पाइपसुद्धा पाऊण मिलिमीटर पाण्याइतक्याच जोराने ओढतो. तुमच्याकडे तर उभा भाग वीतभरही नाही. म्हणजे ओढ एका पास्कलच्या आतबाहेर. बाकी सगळा पाइप आडवा, आणि आडव्या पाइपमध्ये धूर नुसता थंड होतो, ओढ काही मिळत नाही.

आता फिटरचा फॅन लावून पाहू. बाथरूमचा छोटासा फॅनही ताशी १०० घनमीटर हवा सहज बाहेर फेकतो. तेवढी हवा आत यायला वाट हवी. दार बंद, दाराखाली एक सेंटीमीटरची फट, दार ७० सेंटीमीटर रुंद. म्हणजे वाट ७० चौरस सेंटीमीटरची. एवढ्या फटीतून ताशी १०० घनमीटर हवा ओढायची तर खोलीतला दाब बाहेरपेक्षा २५ पास्कलने खाली जातो. तुमच्या पाइपची ओढ एक, फॅनची पंचवीस. आणि ४ इंची पाइपचं तोंड किती? ७८ चौरस सेंटीमीटर, दाराखालच्या फटीहून मोठं. मग हवा तिथूनही आत येणार. बाहेर जाणारा धूर उलटा फिरून गिझरच्या डोक्यातून खोलीत उतरतो. फॅन काही धूर बाहेर टाकतोही, पण ज्योतीच्या तोंडावर धूर परत पाठवून बर्नर बिघडवतो, आणि तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड आधी तुमच्या नाकापाशी येतो, मग फॅनपाशी.

हाच खेळ स्वयंपाकघरातली चिमणी करते, आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. ती तर ताशी कित्येक शे घनमीटर ओढते. घर छोटं, खिडक्या बंद आणि बाथरूमचं दार उघडं असलं की चिमणीची ओढ थेट गिझरच्या पाइपपर्यंत पोहोचते. कपडे वाळवायच्या ज्या मशीन हवा बाहेर फेकतात त्याही याच यादीत.

फॅन नसला तरी खिडकीतून आडवा काढलेला पाइप मला मान्य नाही, आणि याला कारण वारा. ताशी १५ किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची पानं आणि बारीक फांद्या हलत राहतात एवढाच. तो पाइपच्या तोंडावर समोरून आला तर १० पास्कलचा दाब देतो. ताशी ३६ किलोमीटरचा ६० पास्कल देतो. तुमचा एक पास्कल त्यापुढे काय टिकणार! असे पाइप शांत हवेत, खिडकी उघडी असताना चालतात, म्हणून फिटरलाही वाटतं की आपलं काम ठीक आहे. मग थंडी पडते, खिडकी बंद होते, आंघोळी लांबतात, आणि नेमका तेव्हाच वारा त्या भिंतीवर येतो.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: तुमच्याकडचा गिझर, म्हणजे जो जळायला खोलीतली हवा घेतो आणि नैसर्गिक ओढीवर धूर सोडतो तो प्रकार, बाथरूममध्ये नकोच. पाइप कितीही सुधारला तरी नको. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी बाथरूममध्ये फक्त बंदिस्त ज्वलनकक्षाचं गॅस उपकरण बसवायला परवानगी दिली आहे, आणि ते उगाच नाही. बंदिस्त ज्वलनकक्षाचा, म्हणजे बॅलन्स्ड फ्लू गिझर (फ्लू म्हणजे धुराचा पाइप), जळण्यासाठीची हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. बहुतेकांत पाइपात पाइप असतो, आतल्यातून धूर, बाहेरच्यातून हवा. खोलीच्या हवेशी त्याचा संबंधच नाही. फॅन लावा, खिडकी बंद करा, फरक पडत नाही. दोन्ही तोंडं एकाच ठिकाणी असल्याने वाऱ्याचा दाबही दोन्हींवर सारखाच पडतो. नवीन घ्यायचाच असेल तर पैसे इथे घाला.

दुसरी वाट म्हणजे गिझर बाथरूमबाहेर, उघड्यावर नेणं आणि गरम पाण्याची नळी आत आणणं. त्यासाठी बाहेर बसवण्याचं मॉडेल वेगळं असतं, पाऊस-वाऱ्याचा विचार करून केलेलं. आतलं मॉडेल बाहेर टांगू नका, वाऱ्याने ज्योत विझत राहील किंवा उलटी फिरेल. आणि हो, गिझर गॅलरीत लावल्यावर वर्षभराने गॅलरीला काचा लावल्या की ती गॅलरी उरत नाही, खोली होते. या एका बदलाने चांगली जोडणी वाईट झालेली मी अनेकदा पाहिली आहे. बंद शाफ्ट, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, जिन्याखालची जागा, यांत धूर सोडणं तर नकोच. तो शेजाऱ्याच्या खिडकीतून आत जातो.

तुमचा आहे तोच गिझर एखाद्या हवेशीर जागेत, झोपायच्या खोलीपासून दूर हलवायचा असेल आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत त्याला फ्लू जोडायची परवानगी असेल, तर पाइप असा हवा. गिझरमधून निघाल्यावर पहिला एल्बो यायच्या आधी किमान ६० सेंटीमीटर सरळ उभा. धुराला वेग पकडायला हा भाग लागतो, आणि फिटर सगळ्यात आधी हाच खातात. आडवा तुकडा जितका आखूड तितका बरा, आणि तो बाहेरच्या बाजूला चढता हवा, मीटरला २ सेंटीमीटर तरी. त्यापुढे परत उभा, छपराच्या वर, टोपी घालून. एल्बो कमीत कमी. गिझरच्या तोंडाचा जो व्यास तोच शेवटपर्यंत. ‘पुढे ३ इंची चालेल’ असं म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. दोन उपकरणांचे पाइप एकत्र जोडू नका, आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या नळीत तर अजिबात नाही.

पंख्याने धूर ढकलणाऱ्या गिझरचे नियम वेगळे आहेत. त्यांचा पाइप आडवा चालतो, आणि बऱ्याच साध्या मॉडेलांत उतार उलटा, बाहेरच्या बाजूला खाली असतो, म्हणजे पाणी बाहेर ठिबकतं. कंडेन्सिंग गिझरमध्ये, म्हणजे जो धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरतो त्यात, मात्र पाणी गिझरकडे परत यावं लागतं, म्हणून चढ बाहेरच्या बाजूला. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळू नका. पुस्तिकेतलं चित्र हाच शेवटचा शब्द, फिटरची सवय नव्हे.

पाणी कुठून आलं, असं वाटेल. एक किलो एलपीजी जळला की १.६ किलो पाण्याची वाफ होते. तुमचा गिझर तासभर चालला तर धुरात दीड लिटर पाणी असतं. हा धूर ५५ अंशांच्या आसपास थंड झाला की पाणी सुटायला लागतं, आणि ते आम्लधर्मी असतं. बाहेर उघड्यावरून लांब नेलेला पातळ एकपदरी पत्र्याचा पाइप आतून गंजतो तो याचमुळे, आणि गंजतो तो बहुधा खालच्या बाजूने, जिथे आपण पाहत नाही. जोडापाशी तपकिरी ओघळ, पांढरी पावडर किंवा भिंतीवर ओल दिसली तर पाइप गेला असं समजा. थंड झालेला धूर जड होतो आणि ओढही मरते, म्हणून बाहेरच्या उभ्या भागाला दुपदरी पाइप वापरणं योग्य. स्प्रिंगसारखी लवचिक अॅल्युमिनियमची नळी वापरू नका, तिच्या वळ्यांत पाणी साचतं आणि ती फाटते. पीव्हीसी तर मुळीच नको. साध्या गिझरच्या धुरात ते मऊ पडून वाकतं. ते काही कंडेन्सिंग मॉडेलांनाच चालतं, जिथे उत्पादक तसं स्पष्ट लिहितो.

तुमची खिडकी काचपट्ट्यांची आहे म्हणून हेही सांगतो. पाइपचं तोंड उघडणाऱ्या खिडकीच्या शेजारी नको. पंखा असलेल्या गिझरसाठी अमेरिकेच्या गॅस कोडमध्ये अंतर असं आहे: दार, खिडकी किंवा पंख्याविना हवा आत येण्याच्या तोंडापासून खाली किंवा बाजूला १.२ मीटर, वर असेल तर ३० सेंटीमीटर. एकपदरी पाइप लाकूड, प्लास्टिक, पडदा अशा जळणाऱ्या वस्तूंपासून १५ सेंटीमीटर दूर ठेवा. तोंडाला पक्षी शिरू नये म्हणून जाळी चालते, पण डासांची बारीक जाळी नको, ती धुळीने आणि कोळिष्टकांनी बुजते.

धूर बाहेर जातो तितकी हवा आत यायला हवी, हे अर्धं काम बहुतेक जण विसरतात. खोलीची हवा घेणाऱ्या गिझरला कायमची उघडी दोन भोकं लागतात, एक जमिनीलगत, एक छताजवळ, बाहेरच्या हवेत उघडणारी आणि झडप नसलेली. झडप असली की थंडीत कुणीतरी ती बंद करणारच. जाळीचं उघडं क्षेत्र मोजा, चौकटीचं नाही. जाळीच्या पट्ट्या बरीचशी जागा खातात.

सगळं झाल्यावर तपासणी, आणि ती तुम्हीही करू शकता. गिझरच्या डोक्यावर, पाइप सुरू होतो तिथे कडेने उघडी फट असते. तिला ड्राफ्ट हूड म्हणतात. ती फट धूर गळतो म्हणून कुणी टेपने किंवा सिमेंटने बुजवली असेल तर आधी ती मोकळी करून घ्या, ती मुद्दाम ठेवलेली असते. आता घरातली सगळी दारं-खिडक्या बंद करा. स्वयंपाकघरातली चिमणी आणि असतील ते सगळे फॅन पूर्ण वेगाने लावा. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस मुद्दाम तयार करा. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा, पाच मिनिटं थांबा. मग पेटवलेली उदबत्ती त्या फटीच्या कडेने सगळीकडून हळूहळू फिरवा. धुराची रेघ सगळीकडे आत खेचली गेली तर ओढ आहे. एका जरी कोपऱ्यात ती बाहेर ढकलली गेली, थरथरली किंवा तशीच सरळ वर गेली, तर पाइप नापास. उदबत्ती नसेल तर चष्म्याची थंड काच फटीजवळ धरा, गळणाऱ्या धुरातल्या वाफेने ती लगेच धुरकट होते. धूर गळतोय असं दिसलं की गिझर बंद करून बाहेर या. पुन्हा पुन्हा करून बघत आत थांबू नका. आणि ही तपासणी गॅसगळतीची नाही. गॅसचा वास येत असेल तर काहीही पेटवायचं नाही.

तपासणीत पास झालेला गिझरही वर्षभरात बिघडतो. बर्नरच्या भोकांत धूळ आणि कपड्यांचे तंतू अडकले की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते. ती काजळी वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये साचते, धुराची वाट अरुंद होते आणि धूर पुढच्या बाजूने बाहेर येतो. गिझरच्या पत्र्यावर वरच्या बाजूला काळपट डाग किंवा करपलेला रंग दिसला तर तो याचा पुरावा. निळी ज्योत दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, निळ्या ज्योतीचा धूरही खोलीत साचला की घातकच. वर्षातून एकदा बर्नर आणि पाती साफ करून घ्या, आणि तंत्रज्ञाकडे धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असेल तर आकडा कागदावर लिहून घ्या.

वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा गिझर किंवा ऑक्सिजन कमी झाला की विझणारा गिझर सुरक्षित, असं सांगितलं जातं. पहिला फक्त वेळ मोजतो. नळ बंद करून परत सोडला की त्याची वीस मिनिटं नव्याने सुरू, हवा मात्र जुनीच. दुसरा बरा, पण काजळी धरलेला बर्नर भरपूर ऑक्सिजनमध्येही कार्बन मोनॉक्साइड करतो आणि त्याला ते कळत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नक्की घ्या. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो इथे निरुपयोगी. चांगला अलार्म युरोपीय मानकाप्रमाणे ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो, ५० पीपीएमला तास ते दीड तासाने. म्हणजे कमी पातळीला तो मुद्दाम उशिरा वाजतो. त्यामुळे अलार्म वाजला नाही म्हणजे डोकेदुखीचा गिझरशी संबंध नाही, असं समजू नका. तो वाफेत नको, बाथरूमच्या बाहेर आणि झोपण्याच्या खोलीजवळ लावा. त्याच्या पाठीवरची मुदतीची तारीख पाहा, सेन्सर काही वर्षांत निकामी होतो.

आणि कधी आतून उत्तर येईनासं झालं तर: दार उघडा किंवा तोडा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा, रुग्णवाहिका बोलवा. आत शिरून विचारपूस करत थांबू नका, दुसरा माणूस असाच जातो. दवाखान्यात ‘गॅस गिझर चालू होता, कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ हे स्वतःहून सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ऑक्सिजनचंच रक्त समजतं आणि ९८ दाखवू शकतं. खरा आकडा रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतो. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

तुमच्या घरी ज्यांचं डोकं दुखत होतं त्यांच्यात कुणी गरोदर असेल, हृदयविकाराचा रुग्ण असेल किंवा लहान मूल असेल, तर आता बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना एकदा दाखवा. फिटरला पुन्हा बोलवाल तेव्हा फॅनबद्दल वाद घालू नका. त्याला दोनच गोष्टी विचारा: गिझर बाथरूमबाहेर कुठे हलवता येईल, आणि बंदिस्त ज्वलनकक्षाचं मॉडेल बसवायला बाहेरच्या भिंतीत किती भोक पाडावं लागेल.